इथे गळतं

एल्डन ग्रोव्ह
रविवार, ११ जून २०१७

टेसा,

शाळेची देखभाल करताना एकतीस वर्षांत मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे. पहिलीच्या वर्गाबाहेर ओकच्या फळ्यांवर कोट अडकवायच्या दोनशे चौदा खुंट्या, जमिनीपासून बरोबर अडतीस इंचांवर. त्याआधी दुकानातून आणलेल्या होत्या त्या पंचेचाळीसवर लावलेल्या, आणि पोरांचे कोट अख्खा हिवाळा जमिनीवर लोळायचे. ग्रंथालयातली अकरा कपाटं, जुन्या व्यायामशाळेच्या मेपलच्या फळ्यांची. तळच्या दोन फळ्यांवर बास्केटबॉलच्या निळ्या रेषेचे तुकडे दिसतात, ते मी मुद्दाम राखले. रंगमंचाच्या चार पायऱ्या. त्यातली तिसरी अर्धा सूत बुटकी आहे, ती माझी चूक. बावीस वर्षांत कुणाला कळली नाही, मला रोज कळायची. वर-खाली सरकणाऱ्या बासष्ट खिडक्यांच्या दोऱ्या आणि वजनं. मागच्या दाराचा उतार, चाकाची खुर्ची एका हाताने चढेल असा. शाळा गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या मुख्य झडपेचं चाक, कानशीने घासून, कारण अठ्ठावन्न सालचा सुटा भाग आता कुठे मिळत नाही. आणि तुझ्या वर्गातलं ते राजम्याच्या दाण्यासारखं टेबल, आतल्या बाजूला बाई बसेल आणि बाहेरून सहा पोरं.

ही यादी शाळा मंडळाने मागितली. १९ ऑगस्टला सामानाचा लिलाव आहे, इमारतीचा त्यानंतर. ज्याने वस्तू केली त्याला लिलावाआधी त्यातली एक नेता येईल, असं कळवलंय. मला घरी काही नको. तुला काय हवं ते सांग, मी नीट बांधून ओमाहाला पोचवीन. टेबल खोलता येतं. खालून सहा स्क्रू आहेत, त्यातला मधला उलटा फिरतो.

तू फोनवर माझ्याशी बोलत नाहीस म्हणून पत्र. आई म्हणते, या काउंटीत पत्र लिहिणारा शेवटचा माणूस मीच उरलोय. असेन.

मतदानाचा आकडा मी काउंटीच्या कचेरीत जाऊन पुन्हा बघून आलो. होय २११८, नाही २१५७. एकोणचाळीस मतांनी गेलं. इथले लोक चिक्कू आहेत, झालं. शाळेचं छप्पर बदलायला डॉलरमागे एक सेंट विक्रीकर, तोही किराण्यावर नाही, औषधावर नाही, गाडीवर नाही, ट्रॅक्टरवर नाही. सहाशे डॉलरच्या कपडे धुण्याच्या यंत्रावर सहा डॉलर. ते सहा डॉलर जड झाले, पण आपली पोरं रोज एकोणीस मैल बसने मॅरिसबर्गच्या शाळेत पाठवणं जड झालं नाही. दुसरीचा वर्ग बंद करून तुला घरी बसवणंही जड झालं नाही.

दोन वर्षं तू त्या एका सेंटासाठी दारोदार फिरलीस. तुझा काही दोष नाही. कुणाचाच नाही.

तुझा बाप,
लायल क्रेट्झर


रविवार, २ जुलै

टेसा,

आज चार वाजता तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात नळाचा वॉशर बदलत होतो. आई तुला म्हणाली, "हो, इथेच आहे. नळ दुरुस्त करतोय. बिघडलेला नाही, तरी." मग तू काहीतरी बोललीस आणि ती हसली. मग तिने कुत्र्याची खुशाली सांगितली. तू कुत्र्याची विचारतेस.

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "अरे, हात पुढे करून फोन मागायचास की."

"ती देते म्हणाली का?"

"ती म्हणाली नाही आणि तू मागितला नाहीस. दोघांना एकाच साच्यातून काढलंय, आणि तो साचा कोणाचा ते मला ठाऊक आहे."

मागच्या पत्रात मी लोक चिक्कू आहेत असं लिहिलं. ते बरोबर नाही. माप चुकीचं लिहिलं गेलं की मला चैन पडत नाही, म्हणून दुरुस्ती करतो.

व्हर्न डॉसेट चिक्कू नाही. त्याचं सोफ्यांचं आणि यंत्रांचं दुकान काउंटीच्या हद्दीपासून दोन मैलांवर. हद्दीपलीकडे कर कमी. गिऱ्हाईक तिकडे जाईल ही त्याची भीती खोटी नव्हती, फक्त ती त्याच्यापुरती होती. त्याने अंगणाअंगणात पाट्या लावल्या: आधी गळती दाखवा. हेही मला तसं रास्तच वाटलं. ज्याला पैसे द्यायचे त्याला भोक बघायचा हक्क आहे. आणि करासाठी झटणाऱ्या तुमच्या समितीने ठरवलं, दाखवू. शनिवार, २५ मार्च, सकाळी दहा ते दोन, शाळा सगळ्यांना उघडी.

गुरुवारी तू बॉयलरच्या खोलीत आलीस. मी तेव्हा झडपेला तेल देत होतो. काय बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"बाबा, शनिवारपर्यंत तू काही करायचं नाहीस."

"काही म्हणजे?"

"काही म्हणजे काहीच. बादल्या आहेत तिथे राहू देत. छतावरचे डाग आहेत तसे. फरशी पुसायची नाही."

"फरशीसुद्धा?"

"बाबा."

"बरं. फरशी नाही."

"शपथ घे."

"मी शपथ घेत नाही. शब्द देतो."

"मग दे."

दिला. तू माझ्या डोक्यावरची टोपी नाकापर्यंत खाली ओढलीस, लहानपणी ओढायचीस तशी, आणि जिना चढून गेलीस.

त्या शनिवारी मी थोडी साफसफाई केली. पाऊस होता आणि तरी एक थेंब गळला नाही, हे तुझं नशीब. त्याबद्दल आत्ता एवढंच.

टेबलाचं कळव. ते दमट जागी ठेवू नकोस, फुगेल.

बाबा


रविवार, २३ जुलै

टेसा,

शुक्रवारी आईने मला माजी सैनिकांच्या हॉलवर तळलेल्या माशांच्या जेवणाला ओढून नेलं. मी जाणार नव्हतो. एप्रिलपासून मी कुठे जात नाही. पण ती म्हणाली, "मी एकटी गेले तर लोक विचारतील, आणि मी खरं सांगेन." म्हणून गेलो.

आमच्या टेबलावर इर्मा कोल्बीबाई बसल्या होत्या. तुला तिसरीत शिकवणाऱ्या. आता ब्याऐंशीच्या आहेत, कान तिखट, जीभ त्याहून. सोबत त्यांची बहीण आणि कॉल्विन पतिपत्नी. बाईंनी माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लायल, चाळीस वर्षं मी त्या शाळेत घालवली. पण मार्चमध्ये पाहिली तशी चकचकीत कधी पाहिली नाही. ग्रंथालयाचं छत तर काय! अंथरुणाच्या चादरीसारखं. मी बहिणीला म्हटलं, हा माणूस आणखी वीस वर्षं आधी आला असता तर फरशी पुसून माझे गुडघे गेले नसते."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही मत काय दिलंत?"

"'नाही', अर्थात. हिनेही. अगदी शांत मनाने. इतकी धडधाकट शाळा, तिला कसले पैसे हवेत? ती चटणी सरकव इकडे."

कॉल्विन म्हणाला, "आम्हीही तेच केलं." आणि मग, जणू माझं अभिनंदन करावं तसं, "तुझ्यासारखा माणूस असल्यावर छपराला काय धाड भरलीये!"

एका टेबलावर चार. टेसा, वीस जणांनी उलट खूण केली असती तर एका मताने पार पडलं असतं. मी मासा खाल्ला नाही. आईने तो कागदात गुंडाळून कुत्र्याला आणला.

आता बाकीचं लिहितो.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, तू वर्गात पोरांचे कागद लावत होतीस तेव्हा मी छपरावर होतो. अकरा जागी डांबर आणि कापडाचे थर दिले. असला थर तीन आठवडे टिकतो, फार तर साडेतीन. हे मला पक्कं ठाऊक होतं. मतदान दहा दिवसांवर होतं.

शनिवारी सकाळी सहाला गेलो. खरंच फक्त बॉयलर बघायला. मग दाराशी चिखलाचे ठसे दिसले आणि वाटलं, एवढंच पुसू. दारापासून जिन्यापर्यंत पुसलं तर जिन्यापलीकडचं मळकं दिसायला लागलं. म्हणून सगळं पुसलं. मग ग्रंथालयात मान वर केली. तिथला डाग तुला माहीत आहे, दोन फूट बाय तीन, चहा सांडल्यासारखा, कडेने तपकिरी. मला एकदम दिसलं की गावातली सगळी माणसं आज इथे उभी राहून वर बघणार आणि म्हणणार, लायल क्रेट्झरला हे दिसलं नाही?

डागावर नुसता रंग फासला तर महिन्याभरात डाग वर येतो. आधी लाखेचं अस्तर द्यावं लागतं. पाऊण तासात वाळतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, तीन छतं वाया घालवून मी शिकलो. मी त्या दिवशी घाईचं काम केलं असतं तरी चाललं असतं. पण मी अस्तर दिलं, कडा पातळ केल्या, आजूबाजूच्या जुन्या पांढऱ्याशी रंग जुळावा म्हणून त्यात चिमूटभर काळं घातलं. तेवीस डाग. साडेनऊला संपले. एकोणीस बादल्या बॉयलरच्या खोलीत आकाराप्रमाणे एकात एक रचून ठेवल्या.

तुझ्या वर्गातल्या पोरांनी केलेले ते कागदी बाण मात्र मी हलवले नाहीत. भिंतींवर तेवीस बाण, छताकडे टोक केलेले, प्रत्येकावर पोरांच्या अक्षरात लिहिलेलं: इथे गळतं. एकावर थेंबाशेजारी मासा काढला होता. एकाचा कोपरा सुटला होता, तो मी परत चिकटवला. दुसऱ्याचं काम मी काढत नाही.

पावणेदहाला तू लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन आलीस. तुझे केस ओले होते. तू बाणाकडे पाहिलंस, मग बाण दाखवत होता तिकडे पाहिलंस. मग पुढच्या बाणाकडे गेलीस. अख्खा कॉरिडॉर तू अशी एकेक करून चाललीस आणि मी, खोटं कशाला लिहू, मी वाट बघत होतो की तू म्हणशील, बाबा, केवढं सुरेख काम.

तू म्हणालीस, "बाबा, तू काय केलंस?"

तेवढ्यात दार उघडलं आणि लोक आत आले.

बाहेर पाऊस, आत पांढरं स्वच्छ छत, खाली तू. दहापासून दोनपर्यंत तू प्रत्येकाला सांगत होतीस, इथे गळतं, खरंच गळतं, आणि लोक वर बघून तुझ्याकडे बघत होते, आजारी माणसाकडे बघावं तसे. कुणीतरी नाक वर करून म्हणालं, "ताज्या रंगाचा वास येतोय. रंगाला पैसे आहेत म्हणजे." मी पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा होतो. लोक माझ्याशी हात मिळवत होते. मी मिळवत होतो.

मी बादल्या परत आणून ठेवू शकलो असतो. निदान तुझ्या बाजूला उभा राहून सांगू शकलो असतो की हे मी सकाळी रंगवलंय. मी मोजलंय, त्या चार तासांत मला ते सांगायला दोनशे चाळीस मिनिटं होती.

पंधरा एप्रिलला डांबर सुटलं. नऊ ठिकाणी एका रात्रीत. तोवर सगळं झालं होतं.

बाबा


रविवार, १३ ऑगस्ट

टेसा,

आईने तुझा निरोप दिला. "याद्या पाठवणं बंद कर म्हणावं. मला त्या इमारतीतलं काही नको." तिने तो तुझ्याच आवाजात दिला, म्हणून दोनदा ऐकल्यासारखा झाला.

बरं. यादी नाही.

पण त्या शनिवारी संध्याकाळी आपण जे बोललो त्यातलं माझं वाक्य तू आईला सांगितलंस का, मला माहीत नाही. मी तिला सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ती भांडी घासत होती, तिने हात पुसले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

तू पार्किंगमध्ये गाडीपाशी उभी होतीस. वड्यांचा ट्रे तसाच भरलेला. तू ओरडली नाहीस, ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "तू शब्द दिला होतास."

मी म्हणालो, "तुला माझी शाळा भिकारणीसारखी रस्त्यावर उभी करायची होती. फाटके कपडे घालून, हात पसरून. ते माझ्याच्याने बघवलं नसतं."

तू म्हणालीस, "हो. हात पसरायचा होता. माझी पोरं वर्गात टोप्या घालून बसतात बाबा. त्यांच्यासाठी मी गुडघ्यावरसुद्धा बसले असते."

आणि मी म्हणालो, "तुझ्यात आणि माझ्यात तोच फरक आहे."

हे मी अभिमानाने म्हणालो. तू गाडीत बसलीस आणि त्यानंतर आजतागायत माझ्याशी बोलली नाहीस.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. सबब म्हणून सांगत नाही. मी आठ वर्षांचा होतो, बाप गेला होता, आणि काउंटीकडून एक बाई घर बघायला यायची, आम्हाला हिवाळ्याचा कोळसा द्यायचा की नाही ते ठरवायला. ती येणार त्या दिवशी माझी आई पहाटेपासून घर घासायची. पडदे धुवायची. शेजारणीकडून फुलं घातलेला कपांचा जोड उसना आणायची. आम्हा तिघांना इस्त्रीचे शर्ट. बाई बसायची, कॉफी प्यायची, चहूकडे बघायची आणि वहीत लिहायची. एकदा मी तिच्या खांद्यावरून वाचलं. लिहिलं होतं: यांचं ठीक चाललंय. त्या हिवाळ्यात आम्ही जुनं कुंपण जाळलं, मग कोंबड्यांचं खुराडं, मग माझी खाट.

म्हणजे मला माहीत होतं, टेसा. स्वच्छ घराकडे बघून लोक काय लिहितात ते या काउंटीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी आठव्या वर्षी वाचलं होतं. आणि छप्पन्नाव्या वर्षी मी शिडी लावून तेच स्वतःच्या हाताने छतावर लिहिलं.

सुतारकाम, नळ, बॉयलर, विजेचं काम, सगळं मी पुस्तकं वाचून, चुकून, पुन्हा करून शिकलो. कुणाला विचारलं नाही. मला वाटायचं न विचारणं हाच माझा गुण. तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होतीस, ती म्हणजे काही करू नकोस. ते मला कधी शिकता आलं नाही.

बाबा


रविवार, १ ऑक्टोबर

टेसा,

आज फोनवर तू आईला विचारलंस, "तो करतो काय सध्या?" तिने रिसीव्हरवर हात ठेवून ते मला सांगितलं, आणि मी तोंडी काही सांगू शकलो नाही. म्हणून लिहितो. तू विचारलंस म्हणून. याला यादी समजू नकोस.

मॅरिसबर्गच्या लाकडाच्या वखारीत आहे. तासाला साडेतेरा डॉलर. दुसऱ्यांनी मापं काढायची, मी फळ्या कापायच्या. मापं चुकीची असतात. पहिल्या आठवड्यात मी सांगायचो. आता विचारलं तरच सांगतो. सकाळी जाताना पिवळ्या बसच्या मागे असतो. एल्डन ग्रोव्हची पोरं मागच्या काचेतून माझ्या गाडीला हात हलवतात. काही मला ओळखतात. पावणेसातला बस भरते. धाकटी झोपलेली असतात.

लिलाव झाला. मी गेलो होतो, मागे उभा राहिलो. मला माझी एक वस्तू नेता आली असती, मी काही नेलं नाही. कपाटं एका दारूच्या दुकानात गेली. खुंट्यांच्या फळ्या एका बाईने घेतल्या आणि "अरे, या किती खाली लावल्यात!" म्हणून हसली. तुझं टेबल कापड बेतायला कुणीतरी नेलं. मधला स्क्रू उलटा फिरतो हे मी त्याला सांगितलं.

इमारत व्हर्न डॉसेटने घेतली. दुकानाचं गोदाम करणार. मंगळवारी त्याने मला बोलावलं. मी वखारीतून तसाच गेलो, भुशासकट.

तो दारातच उभा होता. "काय मिस्तरी! ये, ये. आपल्याच घरी पाहुण्यासारखा काय उभा राहतोस?"

छपरावर माणसं चालत होती. सात जण. व्हर्न पूर्ण नवं छप्पर घालतोय, खाली जाड थर, वर अखंड रबराचं आवरण, वीस वर्षांची हमी. तुम्ही कागदावर मांडलं होतं तेच, मी नमुना हातात घेऊन जाडी बघितली. बरोबर तेच.

"सोफ्याला पाणी लागलं की सोफा मेला," व्हर्न म्हणाला. "वास जातच नाही."

मी म्हटलं, "हो. पोरं वाळायची."

त्याला ते टोचलं. तो वाईट माणूस नाही. जरा वेळाने म्हणाला, "लायल, खरं सांगतो, मार्चमध्ये आम्ही हरल्यातच जमा होतो. आमच्या मोजणीने दोनशे मतांनी. तुझी पोरगी म्हणजे वादळ. माझ्या दुकानातल्या तिघांनी तिच्या बाजूने पाट्या लावल्या होत्या! मग त्या शनिवारी बायकोला घेऊन आलो. ग्रंथालयात तिने मान वर केली, मान खाली केली आणि मला म्हणाली, व्हर्न, गळती कुठाय? बस्स. पुढचे दहा दिवस मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला एकच सांगितलं: माझं ऐकू नका, ज्यांनी आतून बघितलंय त्यांना विचारा."

मी छपराचा नमुना त्याच्या हातात परत दिला.

"आमच्यासाठी तू जे केलंस ना—"

"मी तुमच्यासाठी केलं नाही."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला. माझ्या माणसाने रंगवलं असतं तर सगळ्यांनी ओळखलं असतं."

मग त्याने सांगितलं. इमारत सांभाळायला माणूस हवाय. बॉयलर, खिडक्या, छपरावरचं पाणी, सगळं. तीच बॉयलरची खोली, दारावर माझं नाव, हाताखाली एक माणूस, लागेल ते सामान न विचारता मागवायचं. "तुझ्याइतकी तिची नाडी कुणाला कळते? मी शोधलंच नाही दुसरं कुणी."

त्याने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. आम्ही तेव्हा तुझ्या वर्गात उभे होतो. भिंतीवर एक बाण राहून गेला होता, लिलावाच्या माणसांनी काढला नव्हता, आणि बाणाच्या टोकाशी छत पांढरं होतं. मी तिकडे बघितलं तसं व्हर्ननेही बघितलं आणि म्हणाला, "हवं तर तो काढून टाकू." मी म्हणालो, राहू दे. तो बरं म्हणाला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "घे, लायल. किल्ल्या त्याच, जिना तोच. वखारीत तू वाळत चाललायस. आणि हिवाळ्यात एकोणीस मैल त्या रस्त्याने जायचं नाही." ती बरोबर बोलत होती. तिच्या साखरेच्या औषधांचं आता आम्ही कसं भागवतो ते तू तिला विचार, मला विचारू नकोस. त्या रात्री मी नळाकडे गेलो नाही.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी व्हर्नच्या दुकानात गेलो. त्याने मला नव्या सोफ्यावर बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो, कपड्यांना भुसा होता.

मी हे नाही म्हणणं तुझ्यासाठी केलं असं लिहीत नाही. तसं लिहिलं तर ते तुझ्या गळ्यात पडेल. आईचं म्हणणं, हाही तुझा तोच जुना अहंकार, फक्त उलटा केलेला. असू शकेल. मला आतून सांगता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याबद्दल मी ठाम बोलायचं सोडलंय. मला एवढंच कळतं की त्या इमारतीत, त्या छपराखाली, सोफे कोरडे ठेवायला मी रोज सकाळी दार उघडीन आणि तिथे एकही पोर नसेल, आणि ते नसण्याबद्दल महिन्याच्या महिन्याला मला कुणीतरी आभार मानून पैसे देईल.

व्हर्नने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्याने कागदावर आकडा लिहून तो माझ्याकडे सरकवला, माझ्या हट्टाला बोलणं पुरणार नाही असं समजून. एकतीस वर्षांत शाळेने मला जास्तीत जास्त दिले ते वर्षाला तेहेतीस हजार आठशे. कागदावर त्याने लिहिलं होतं, कायमची नोकरी, आम्हा दोघांचा आजारपणाचा विमा, आणि वर्षाला एकावन्न हजार डॉलर. मी नको म्हणालो.